रॉइस, राखेल

रॉइस, राखेल : (३ जून १६६४ – १२ ऑक्टोबर १७५०). पुष्पांच्या स्थिरवस्तुचित्रणासाठी प्रसिद्ध असलेली डच चित्रकर्त्री. सतराव्या शतकाच्या प्रारंभी नेदर्लंड्समध्ये उदयास आलेल्या पुष्पचित्रण-परंपरेच्या उत्तरकालातील ती अग्रगण्य कलावंत मानली जाते. सहा दशकांहून अधिक काळ तिने सातत्याने चित्रनिर्मिती केली आणि हयातीतच यूरोपीय राजदरबारांपर्यंत कीर्ती मिळविली. निसर्गवैज्ञानिकाची सूक्ष्म निरीक्षणदृष्टी आणि चित्रकाराचे रचनाकौशल्य यांचा मेळ हे तिच्या कलेचे मुख्य वैशिष्ट्य होय. तिच्या चित्रांतील फुलांचे गुच्छ वरवर पाहता निसर्गाची हुबेहूब प्रतिकृती वाटतात. प्रत्यक्षात असा एकही गुच्छ बागेतून खुडून आणता आला नसता. ऋतू, हवामान आणि भूप्रदेश यांनी परस्परांपासून दूर ठेवलेल्या वनस्पतींना तिने चित्रफलकावर एकत्र आणले. ही जुळणी तिने कोणत्या ज्ञानाच्या आधारे केली, हे पाहिल्याशिवाय तिच्या कलेचे मर्म लक्षात येत नाही.

कौटुंबिक पार्श्वभूमी : राखेलचा जन्म द हेग येथे एका सुशिक्षित व प्रतिष्ठित कुटुंबात झाला. तिचे वडील फ्रेडरिक रॉइस (१६३८–१७३१) हे प्रारंभी औषधविक्रेते होते. पुढे शरीररचनाशास्त्रज्ञ व वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी यूरोपभर ख्याती संपादन केली. आई मारिया पोस्ट ही वास्तुशिल्पज्ञ पीटर पोस्ट यांची कन्या. ब्राझीलमधील निसर्गदृश्ये प्रथम रंगविणाऱ्या यूरोपीय चित्रकारांपैकी एक असलेले फ्रान्स पोस्ट हे पीटर यांचे बंधू. अशा रीतीने विज्ञान आणि कला या दोन्हींचा वारसा राखेलला घरातूनच लाभला. १६६७ च्या सुमारास, शल्यविशारदांच्या संघाचे शरीररचनाशास्त्राचे व्याख्याते म्हणून फ्रेडरिक यांची नेमणूक झाल्याने हे कुटुंब ॲमस्टरडॅमला स्थायिक झाले. १६८५ मध्ये ते तेथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले व नगराच्या वनस्पतिउद्यानाशी त्यांचा निकटचा संबंध आला.

फ्रेडरिक यांचा खाजगी वस्तुसंग्रह हे त्या काळातील ॲमस्टरडॅमचे एक मोठे आकर्षण होते. मृत शरीरांच्या रक्तवाहिन्यांत रंगीत, मेणासारखे द्रव्य भरून अवयव दीर्घकाळ टिकवून ठेवण्याचे तंत्र त्यांनी विकसित केले होते. काचपात्रांतील असे अवयव, अर्भकांचे लहान सांगाडे, प्राणी, कीटक, शिंपले व वाळविलेल्या वनस्पती यांची त्यांनी कलात्मक मांडणी केली होती. कित्येक काचपात्रांची झाकणे शिंपले व वनस्पती यांनी सजविलेली असत आणि सांगाड्यांच्या मांडणीतून मानवी जीवनाची क्षणभंगुरता सूचित केली जाई. या सजावटीच्या कामी राखेलचे साहाय्य होत असे, असे परंपरेने सांगितले जाते. रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट याने १७१७ मध्ये हा संग्रह ३०,००० गिल्डर देऊन विकत घेतला. त्यातील अनेक नमुने आजही सेंट पीटर्झबर्ग येथील संग्रहालयात पाहावयास मिळतात.

फुलाचे दल कसे वळते, पानाच्या शिरा कशा फुटतात, कीटकाच्या पायांचे सांधे कोठे असतात, या गोष्टी राखेलने लहानपणापासून हाताळून पाहिल्या. प्रत्यक्ष नमुन्यांवरून रेखाटन करण्याची सवय तिला याच घरात लागली. नाशवंत वस्तूचे रूप टिकवून धरण्याचा जो ध्यास वडिलांच्या संग्रहामागे होता, तोच मुलीच्या पुष्पचित्रांत वेगळ्या माध्यमातून प्रकटला, असे म्हणता येईल.

शिक्षण व पूर्वपरंपरा : १६७९ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, राखेल व्हिलेम व्हान आल्स्त (१६२७–८३) या नामांकित चित्रकाराकडे शिकू लागली. त्याच्या निधनापर्यंत म्हणजे सु. चार वर्षे तिने त्याच्या हाताखाली अभ्यास केला. त्या काळी चित्रकलेचे शिक्षण घेणाऱ्या मुली बहुधा चित्रकाराच्याच घरातील असत व वडील किंवा भाऊ हेच त्यांचे गुरू असत. वैज्ञानिकाच्या घरातील मुलीने बाहेरच्या ख्यातनाम चित्रकाराकडे रीतसर शिकणे ही त्या मानाने असाधारण गोष्ट होती. राखेलची धाकटी बहीण ॲना रॉइस (१६६६–१७५४) हीदेखील पुष्पचित्रकार होती.

व्हान आल्स्तने स्थिरवस्तुचित्रणाच्या रचनेत महत्त्वाचा बदल घडवून आणला होता. आम्ब्रोसियस बोसखार्ट (१५७३–१६२१) व त्याच्या समकालीनांच्या पुष्पचित्रांत फुलदाणी मध्यभागी असे आणि प्रत्येक फूल सुटे, समोरून व सारख्याच प्रकाशात दाखविले जाई. संपूर्ण रचना सममित असे व तिचे स्वरूप काहीसे वनस्पतींच्या सचित्र सूचीसारखे होई. यान डाव्हिड्स दे हेम (१६०६–८४) याने फुलांची दाटी वाढवून व त्यांना परस्परांत गुंतवून या रचनेत चैतन्य आणले. व्हान आल्स्तने सममितीच बाजूस सारली; गुच्छ एका अंगाला झुकविला व फुलांचा ओघ तिरप्या रेषेत वळविला. हा असममित रचनेचा धडा राखेलने आत्मसात केला आणि तो गुरूपेक्षाही पुढे नेला.

तिच्यावरील दुसरा प्रभाव ओटो मार्सेउस व्हान स्क्रीक (मृ. १६७८) या चित्रकाराचा होय. व्हान आल्स्त व तो एके काळी फ्लॉरेन्स येथे मेदीची घराण्याच्या आश्रयाला एकत्र होते. अरण्यातील अंधाऱ्या, ओलसर जमिनीवरील झुडपे, भूछत्रे, साप, सरडे, बेडूक व फुलपाखरे यांचे चित्रण करणारा एक स्वतंत्र प्रकार त्याने रूढ केला. फुलपाखरांच्या पंखांवरील खवल्यांची खरीखुरी पोत साधण्यासाठी तो ओल्या रंगावर प्रत्यक्ष पंख दाबून त्यांचा ठसा उमटवीत असे. राखेलच्या प्रारंभीच्या काही चित्रांत या प्रकाराचे अनुकरण दिसते. रॉटरडॅमच्या बोयमान्स संग्रहालयातील १६८५ चे चित्र हे त्याचे उदाहरण आहे. त्यात वनभूमीवरील वृक्षाच्या बुंध्याभोवती फुले, फुलपाखरे व प्राणी दाखविले आहेत. पुढे फुलदाणीतील गुच्छ हा तिचा मुख्य विषय झाला, तरी पाकळ्यांच्या आड वावरणाऱ्या कीटकांचे जग तिने कधीच सोडले नाही.

व्यावसायिक जीवन : १६९३ मध्ये राखेलचा विवाह यूरियान पोल (१६६६–१७४५) या व्यक्तिचित्रकाराशी झाला. त्यांना दहा अपत्ये झाली. विवाहानंतर चित्रकला सोडून देणाऱ्या स्त्रियांची उदाहरणे त्या काळात बरीच आढळतात. विवाहापूर्वी नाव मिळविलेली यूडिथ लाइस्टर (१६०९–६०) ही हार्लेमची चित्रकर्त्री विवाहानंतर जवळजवळ विस्मृतीत गेली. राखेलच्या बाबतीत मात्र विवाहोत्तर कालखंड हाच सर्वाधिक यशाचा ठरला. १७०१ मध्ये द हेग येथील ‘कॉन्फ्रेरी पिक्तुरा’ या चित्रकार-संघाने तिला सदस्यत्व दिले. या संघाची ती पहिली स्त्री-सदस्य होय.

१७०८ मध्ये पॅलाटिनेटचा इलेक्टर (सम्राटाची निवड करण्याचा अधिकार असलेला जर्मन राजा) योहान व्हिल्हेल्म याने ड्युसेलडॉर्फ येथील आपल्या दरबारची चित्रकार म्हणून तिची नियुक्ती केली. दरबारी कायमचे वास्तव्य करण्याची अट तिच्यावर नव्हती. ती ॲमस्टरडॅमच्या घरी राहून काम करी व तयार चित्रे दरबाराकडे पाठवी. मुलाबाळांच्या संसारात राहून दरबारी पद सांभाळणे त्यामुळेच तिला शक्य झाले. १७११ मध्ये, तिच्या वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी जन्मलेल्या मुलाचे नाव इलेक्टरच्या नावावरून यान व्हिलेम असे ठेवण्यात आले व इलेक्टरने त्याचे धर्मपितृत्व स्वीकारले. १७१६ मध्ये इलेक्टरच्या निधनाने हा आश्रय संपुष्टात आला.

या आश्रयामुळे तिची चित्रे दूरवर पोहोचली. इलेक्टरची पत्नी ॲना मारिया लुईझा ही टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो दे मेदीची याची कन्या होती. जावयाकडून सासऱ्याला भेट गेलेली राखेलची चित्रे आज फ्लॉरेन्सच्या संग्रहात आहेत. इलेक्टरचा ड्युसेलडॉर्फ येथील संग्रह पुढे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी म्यूनिकला हलविण्यात आला आणि त्यासोबत तिची चित्रेही तेथे गेली.

तिच्या चित्रांना ७५० ते १,२०० गिल्डरपर्यंत किंमत मिळत असे. स्थिरवस्तुचित्रांच्या मानाने ही रक्कम फार मोठी होती. १७२३ मध्ये या कुटुंबाला सोडतीत मोठे बक्षीस मिळाले. त्यानंतर उपजीविकेसाठी काम करण्याची निकड उरली नाही व पुढील काही वर्षांत तिच्या चित्रांची संख्या घटली. तथापि १७४० च्या सुमारास ती पुन्हा लहान आकाराची चित्रे रंगवू लागली. बाझेल येथील १७४१ चे दगडी कठड्यावरील पुष्पगुच्छ व भुंगा हे चित्र या काळातील आहे. १७४७ मधील चित्रांवर तिने स्वाक्षरीसोबत आपले वय ८३ असल्याचे नमूद केले आहे. वृद्धापकाळीही हात स्थिर व दृष्टी तीक्ष्ण असल्याची ती अभिमानाने दिलेली साक्षच होय. ॲमस्टरडॅम येथे तिचे निधन झाले.

चित्रांतील वनस्पती : राखेलच्या गुच्छांत गुलाब, ट्यूलिप, कार्नेशन, पिओनी, अफूची फुले, आयरिस, हनीसकल, झेंडू अशी विविध फुले आढळतात. ट्यूलिप हॉलंडमध्ये एप्रिल-मेमध्ये फुलते, गुलाब व पिओनी जूनच्या सुमारास, तर झेंडू उन्हाळ्याच्या उत्तरार्धात. तेव्हा ही सर्व फुले एकाच फुलदाणीत ताजी असणे शक्य नव्हते. पुष्पचित्रकार निरनिराळ्या हंगामांत प्रत्यक्ष फुलांवरून अभ्यासचित्रे करून ठेवीत व त्यांच्या आधारे नंतर पूर्ण चित्र रचीत. कधीकधी एखाद्या फुलाच्या प्रतीक्षेत चित्राचा तेवढा भाग रिकामा ठेवला जाई. गुच्छातील फुलांचे देठ पाहिले असता, इतके देठ त्या फुलदाणीच्या अरुंद तोंडात मावणार नाहीत, हेही ध्यानात येते. चित्रकार हे जाणूनबुजून करीत असे आणि जाणकार ग्राहकालाही ते ठाऊक असे.

तिच्या चित्रांतील दलांवर ज्वालांसारखे पट्टे असलेली ट्यूलिपे विशेष लक्ष वेधून घेतात. सतराव्या शतकात अशा कंदांना अफाट किंमत येत असे. १६३७ मध्ये कोसळलेली ट्यूलिपची सट्टेबाजी प्रसिद्धच आहे. हे मनोहर पट्टे मावा या किडीमार्फत पसरणाऱ्या एका विषाणूमुळे उमटतात व तो विषाणू कंदाला क्रमशः दुर्बल करतो, हे विसाव्या शतकात उघडकीस आले. म्हणजे ज्या फुलांना सौंदर्याचा आदर्श समजून रंगविले गेले, ती वस्तुतः रोगग्रस्त होती.

विदेशी वनस्पतींचे चित्रण हा तिच्या कलेचा आणखी एक महत्त्वाचा विशेष होय. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या व अन्य व्यापारी जहाजांतून आशिया, दक्षिण आफ्रिका व अमेरिका या खंडांतील रोपे व बिया ॲमस्टरडॅमला येत. १६३८ मध्ये औषधी वनस्पतींसाठी स्थापन झालेले तेथील उद्यान १६८२ मध्ये नव्या, विस्तृत जागेत हलविण्यात आले होते व उष्ण प्रदेशांतील वनस्पतींची तेथे जोपासना होत होती. वडिलांच्या पदामुळे राखेलला या वनस्पती ताज्या व फुललेल्या अवस्थेत पाहता येत. तिच्या एका चित्रात निळ्या काचेच्या फुलदाणीत धोतऱ्याचे फूल, निवडुंग व अंजिराची डहाळी ही नेहमीच्या हनीसकलसोबत गुंफलेली आहेत. भारतीय वाचकाला धोतरा व निवडुंग यांत नवल वाटणार नाही. पण त्या काळच्या डच नागरिकाच्या दृष्टीने ती दूरदेशींची दुर्मिळ संपत्ती होती. या संपत्तीमागे वसाहतींचा व सागरी सत्तेचा इतिहास उभा होता, याकडे अलीकडच्या अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे.

याच वैज्ञानिक वर्तुळाचा भारताशीही प्रत्यक्ष संबंध होता. मलबारमधील वनस्पतींवरील होर्तुस मलाबारिकुस हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने सिद्ध केलेल्या या ग्रंथाच्या कामी रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोचीनमधील कोकणीभाषक वैद्यांनी साहाय्य केले होते व त्यांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. या ग्रंथाला टीपा जोडणारा यान कोमेलिन हा ॲमस्टरडॅमच्या उद्यानाच्या प्रमुख व्यवस्थापकांपैकी एक होता. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा त्या उद्यानातील दुर्मिळ वनस्पतींवरील ग्रंथ संपादित करून १६९७ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्यांत फ्रेडरिक रॉइस होते. कीटकांच्या रूपांतरणाचा अभ्यास करणारी चित्रकर्त्री मारिया सिबिला मेरिआन (१६४७–१७१७) हीसुद्धा १६९१ पासून ॲमस्टरडॅममध्ये राहत होती. सुरिनाममधील कीटकांवरील १७०५ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तिने रॉइस यांच्या संग्रहाचा उल्लेख केला आहे. राखेलची चित्रे ज्या वातावरणात निर्माण झाली, ते असे ज्ञानलालसेने भारलेले होते.

रचना व तंत्र : राखेलच्या प्रगल्भ काळातील रचनांचे काही समान विशेष सांगता येतात. पार्श्वभूमी बहुधा गडद तपकिरी किंवा काळपट असते. संगमरवरी किंवा दगडी कठड्यावर, अनेकदा त्याच्या कडेलगत, काचेची फुलदाणी ठेवलेली असते. ती इतकी छायेत असते की प्रथम दृष्टीस पडतही नाही. गुच्छाच्या मध्यभागी फिकट रंगाची मोठी फुले एकवटलेली असतात व त्यांच्यावर प्रकाशाचा मुख्य झोत पडतो. तेथून एखादे लांब देठाचे फूल वरच्या कोपऱ्याकडे उसळते, तर दुसऱ्या बाजूने एखादी डहाळी खाली कठड्यावर ओथंबते. त्यामुळे नजर एका लवचिक वक्ररेषेतून वरून खाली फिरते. काही फुले पाठमोरी दाखविलेली असतात व त्यांची हिरवी निदलपुंजे दिसतात. काही अर्धवट मिटलेली, तर काही अंधारात विरत गेलेली असतात. मागच्या फुलांचा तपशील कमी करून व रंग मंदावून ती खोलीचा आभास निर्माण करते. पूर्वीच्या चित्रकारांप्रमाणे प्रत्येक फुलाला समान मान देण्याचे तिने टाळले. कोणते फूल उजळावे व कोणते छायेत लोटावे, या निवडीतच तिची प्रतिभा दिसते.

तंत्राच्या दृष्टीने तिची कला डच तैलरंगचित्रणाच्या संथ व शिस्तबद्ध पद्धतीवर आधारलेली आहे. प्रथम फुलांचे आकार मंद, अपारदर्शक रंगांत बसविले जात. ते वाळल्यावर त्यांवर पातळ, पारदर्शक रंगलेप एकावर एक चढवून पाकळ्यांचा रंग व तजेला साधला जाई. अखेरीस पानांच्या शिरा, परागकोश, दवबिंदू व कीटकांचे पाय हे बारीक कुंचल्याने रेखले जात. ट्यूलिपच्या दलाची तुकतुकी, अफूच्या पाकळीचा चुरगळलेपणा आणि गुलाबाच्या पाकळीची मखमल यांतील फरक ती केवळ रंगाने नव्हे, तर लेपाची जाडी व कुंचल्याचा स्पर्श बदलून दाखवी. अनेक जुन्या डच पुष्पचित्रांतील पाने आज निळसर दिसतात. हिरव्या रंगासाठी निळ्यात मिसळलेले वनस्पतिजन्य पिवळे रंगद्रव्य काळाच्या ओघात उडून गेल्याचा तो परिणाम आहे. ही चित्रे पाहताना मूळ रंगसंगती किंचित अधिक उबदार होती, हे लक्षात ठेवावे लागते.

आशय : पुष्पचित्रांचा अर्थ लावताना मानवी जीवनाच्या क्षणभंगुरतेचा उल्लेख नेहमी केला जातो. उमललेले फूल कोमेजणार, फळाला कीड लागणार, हा बोध तत्कालीन धार्मिक वातावरणात सर्वपरिचित होता. राखेलच्या चित्रांतही कुरतडलेली पाने, झुकलेली फुले व देठावरून सरपटणारे सुरवंट आहेत. फ्लॉरेन्स येथील १७११ च्या फळे व कीटक यांच्या चित्रात द्राक्षे व पीच या फळांसमवेत अंडी असलेले घरटे व सरडा दाखविला आहे. विपुलतेच्या या दृश्यात भक्ष्य व भक्षक शेजारी शेजारी नांदतात. तथापि कवटी, घड्याळ, विझलेली मेणबत्ती यांसारख्या रूढ प्रतीकांवर तिचा भर नाही. नीतिबोधापेक्षा सजीव सृष्टीच्या व्यवहाराविषयीचे कुतूहल तिच्या चित्रांत अधिक प्रभावी आहे. मुंगी, कोळी, गोगलगाय, मधमाशी यांना तिने शोभेसाठी शिंपडलेले नाही; प्रत्येक जीव काहीतरी करीत असतो, कशाच्या तरी शोधात असतो. मृत्यूची जाणीव येथे आहे, परंतु ती उपदेशाच्या नव्हे, तर निरीक्षणाच्या वाटेने येते.

स्थान व मूल्यमापन : डच पुष्पचित्रणात स्त्रियांनी लक्षणीय कामगिरी केली. राखेलच्या आधीच्या पिढीतील मारिया व्हान ओस्टरव्हाइक (१६३०–९३) हिची चित्रे फ्रान्सचा चौदावा लुई व सम्राट पहिला लिओपोल्ड यांनी घेतली होती. नग्न मानवी देहावरून अभ्यास करण्याची संधी स्त्रियांना सहसा मिळत नसे आणि त्याविना धार्मिक-ऐतिहासिक चित्रणात प्रावीण्य मिळविणे दुष्कर होते. फुले मात्र घरी व बागेत उपलब्ध होती. फ्रेंच अकादमीच्या वतीने आंद्रे फेलिबियँ याने १६६७ मध्ये चित्रप्रकारांची जी उच्चनीच श्रेणी मांडली, तीत ऐतिहासिक चित्रण सर्वोच्च आणि फळाफुलांचे चित्रण सर्वांत खालचे ठरविले होते. बाजारात व दरबारात मात्र राखेलच्या चित्रांना मिळालेला मान या श्रेणीशी जुळणारा नव्हता. तिच्या मृत्यूच्या वर्षी, १७५० मध्ये, अकरा कवींनी तिच्या स्तुतिपर रचलेल्या कवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या यान व्हान गोल याच्या डच चित्रकारांच्या चरित्रग्रंथातही तिला गौरवाचे स्थान मिळाले.

एकोणिसाव्या शतकात पुष्पचित्रण हा स्त्रियांचा फावल्या वेळचा छंद मानला जाऊ लागला व त्याची छाया मागील काळातील व्यावसायिक चित्रकर्त्रींवरही पडली. राखेलचे नाव पुसले गेले नाही. तिची चित्रे मोठ्या संग्रहालयांत टिकून होती. पण ‘निसर्गाची कुशल नक्कल’ अशा शब्दांत तिची बोळवण होत राहिली. या मताचे खंडन तिची चित्रेच करतात. निसर्गात कोठेही नसलेली रचना नक्कल करून साधता येत नाही. प्रत्येक घटक वैज्ञानिक दृष्ट्या अचूक आणि संपूर्ण दृश्य मात्र कल्पित, अशी ही दुहेरी किमया आहे. व्हान आल्स्तपासून आलेल्या असममित रचनेला तिने जी लय दिली, तिचा पुढील विकास यान व्हान हाउसुम (१६८२–१७४९) याच्या अधिक उजळ व अलंकरणप्रचुर चित्रांत झाला. हाउसुमच्या तुलनेत राखेलची रंगयोजना संयत व छायाप्रकाश अधिक गंभीर आहे. उत्तरकाळात तिचीही पार्श्वभूमी काहीशी उजळलेली दिसते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १९७६ मध्ये लॉस अँजेल्स येथे भरलेल्या स्त्री-कलावंतांच्या ऐतिहासिक प्रदर्शनानंतर, स्त्रियांच्या कलाकार्याच्या पुनर्मूल्यांकनास चालना मिळाली. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममधील मानाच्या दालनात स्त्री-कलावंतांच्या कृती प्रथम २०२१ मध्ये लावण्यात आल्या, तेव्हा यूडिथ लाइस्टर व गेसिना तेर बॉर्ख यांच्यासह राखेलच्या चित्राचा त्यांत समावेश होता. १८८५ मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूत त्यासाठी १३६ वर्षे जावी लागली. मिखील व्हान मुस्खर याने १६९२ मध्ये काढलेले राखेलचे व्यक्तिचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२३ मध्ये मिळविले. त्यातील फुले स्वतः राखेलने रंगविली आहेत. तिच्या कलेचे पहिले मोठे स्वतंत्र प्रदर्शन म्यूनिक, टोलीडो (ओहायओ) व बॉस्टन या ठिकाणी २०२४-२५ मध्ये भरले. त्यात वनस्पतिवैज्ञानिक व प्राणिवैज्ञानिक नमुनेही तिच्या चित्रांसोबत मांडण्यात आले होते.

तिच्या उल्लेखनीय चित्रांत लंडनच्या नॅशनल गॅलरीतील फुलदाणीतील पुष्पगुच्छ (सु. १६८५), द हेगच्या माउरिट्सहाउसमधील फुलदाणी व फुले (१७००) आणि राइक्सम्यूझियममधील संगमरवरी मेजावरील फुले (१७१६) यांचा समावेश होतो. म्यूनिक, व्हिएन्ना, ड्रेझ्डेन, फ्लॉरेन्स व टोलीडो येथील संग्रहालयांतही तिच्या उत्कृष्ट कृती आहेत. वडिलांनी काचपात्रांत टिकविलेले देह आज प्रामुख्याने वैद्यकाच्या इतिहासाचा विषय झाले आहेत. मुलीने रंगात टिकविलेली फुले मात्र तीन शतकांनंतरही, ज्या वनस्पतींवरून ती रंगविली त्यांच्या जाती ओळखता याव्यात, इतकी सतेज आहेत.